आज बीपी किती आलं?

६ जाने.
दादाला किडनी द्यायची ठरली. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. माझं वजन आडवं आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्या शरीराला रक्त पुरवायला तुमचं हृदय बसल्याजागीही धावतंय. एका किडनीवर असं बीपी नको. आधी वजन उतरवा, मग बघू." बीपी १५८/९६, नाडी ९८. रोडपालीला परत येताना रिक्षावाल्यालाच सांगावंसं वाटलं. घरी कोण आहे सांगायला?

९ जाने.
बीपीचं मशीन आणलं. नेहमीचा पट्टा दंडाला पुरेना, मोठा मागवला. दादाचा फोन, "सुमे, आज किती आलं?" हे गेल्यापासून त्याचा फोन सणावारीच यायचा. आता रोज.

१५ जाने.
वहिनी तळोज्याहून डबा घेऊन आली. तिळगूळ, सुकट, तांदळाच्या भाकऱ्या. मीठ बंद आहे म्हटलं, तर "किडनी देनारीला उपाशी ठेवू? लोक काय बोलतील आमाला?" समोर बसून वाढलं. सुकट खारट ढोण होती, पण दुसऱ्याच्या हातची. चाटूनपुसून खाल्ली. सकाळी बीपीचं व्हायचं तेच झालं.

२ फेब्रु.
गोळी, चालणं, अळणी भाजी. एकटीसाठी रांधायचा कंटाळा पहिल्यांदाच कामी आला.

१८ मार्च
वजन बरंच उतरलंय, जिना न थांबता चढले. १२६/८०, नाडी ७६. कालही असंच होतं. डॉक्टरीणबाईंनी म्हटलं होतं, एवढं आलं की लगेच या.
दादाचा फोन. तोंडून गेलं, "नाय रे, उतरतच नाय."
ऑपरेशन झालं की हा फोन बंद होईल, म्हणून बोलले. दुसरं काही कारण नाही. तिकडे त्याच्या तोंडावर सूज, आणि मला फोनचं पडलंय.

२० मार्च
दादा डायलिसिसवरून घरी पोचला होता. आवाज पार बसलेला. "र्‍हाऊ दे सुमे. नाय जमत तर नाय. जिवाला लावून घेऊ नको." माझीच समजूत घालत होता.
दुपारी वहिनी आली, पिशवीत कपडे घेऊन. "आठ दिस र्‍हाते. वन्स, तुमी एकटीनं टेन्शन घेता, म्हनून उतरत नाय." डोक्याला तेल लावलं तिनं. किती वर्षांनी कुणी हात लावला डोक्याला. रडू आलं, तिला वाटलं दादासाठी.
मघाशी ती आत असताना पट्टा बांधून पाहिलं. १२४/८०.
आता वहिनी आत चहा टाकतेय. सांगायलाच हवं. चहा तेवढा होऊ दे.