मोठ्या कॅमेऱ्याचं बारीक चाक

४ ऑक्टोबर

डबी आजपासून रिटायर. डबी म्हणजे आमचा खिशातला जुना कॅमेरा, साबणाच्या वडीएवढा. मागच्या पडद्यावर बघायचं आणि बटण दाबायचं. याला फोटोग्राफी म्हणायचं? शी! दाराची बेल वाजवायला याहून जास्त अक्कल लागते.

आज डीएसएलआर आणला. दुकानदार म्हणाला, काका, हा पहिल्या पायरीचा आहे, शिकायला बरा. त्याला म्हटलं, पायरी कॅमेऱ्याची असेल, माझी नाही. तो हसला. हसण्यात आदर होता.

ही म्हणाली, अहो, जुना चांगला चालत होता की. काय बोलणार! डबीतल्या प्रत्येक फोटोत हिचे डोळे मिटलेले. आजवर मी हिच्या पापण्यांना दोष देत आलो. दोष डबीचा. डबी हिच्या हवाली केली, ठेव म्हटलं कुठेतरी अडगळीत.

संकल्प : ऑटोला हात लावायचा नाही. कॅमेऱ्याच्या माथ्यावर चकती आहे, तिच्यावरच्या ऑटोच्या खुणेवर चिकटपट्टी मारली.

५ ऑक्टोबर, सकाळ

कॅमेऱ्याबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. पाण्यात बुडवू नका. आगीत टाकू नका. उन्हात ठेवू नका. अरे, मी काय रानातून आलोय? शिसारी आली. जन्मभर पंपाच्या कारखान्यात फिटर होतो, घरी गल्लीतले सगळे रेडिओ, पंखे, इस्त्र्या उघडल्या. एकदाही पुस्तक वाचलं नाही. यंत्र हातात धरलं की आपणहून बोलायला लागतं.

पुस्तक हॉलमधल्या लंगड्या टेबलाच्या पायाखाली सारलं. टेबल डुगडुगायचं थांबलं. चला, छापण्याचा खर्च वसूल.

संध्याकाळ

शोध लागला! भिंगावर एक खटका आहे. एका बाजूला केला की फोकस कॅमेरा करतो, दुसऱ्या बाजूला केला की आपण. अर्थात आपल्या बाजूला केला. मग भिंगावरचं मोठं कडं फिरवायचं. पण गंमत पुढेच. जिथे डोळा लावतो त्या खिडकीच्या शेजारी एक बारीक चाक आहे. फिरवलं की समोरचं धुरकट दिसणारं लख्ख होतं! म्हणजे रेडिओचाच हिशेब. मोठ्या बटणाने स्टेशन पकडायचं, छोट्याने खरखर काढायची. कडं अंदाजाने, चाक बारकाईने. फाइन ट्यूनिंग.

हे जावयाला ठाऊक नसणार. सांगणारही नाही.

७ ऑक्टोबर

ही या महिन्याच्या एकतीस तारखेला रिटायर होते. वॉर्डची मोठी सिस्टर आहे. वॉर्डचं बांधकाम निघालंय, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या सिस्टर, आया, वॉर्डबॉय, सगळे वेगवेगळ्या ठिकाणी पांगणार. ही म्हणाली, मला भेटवस्तू नको, सत्कार नको, सगळ्यांबरोबर एक फोटो हवा. चेहरे ओळखू येतील असा. पुन्हा ही माणसं एकत्र व्हायची नाहीत. हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर लावीन.

हॉस्पिटलने फोटोवाला ठरवला होता. मी स्वतः फोन करून त्याला नको म्हणून सांगितलं. घरात डीएसएलआर असताना बाहेरचा माणूस? नाक कापलं गेलं असतं.

हिला सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. भारावली असावी.

९ ऑक्टोबर

गच्चीवरून लांबच्या पाण्याच्या टाकीचा फोटो काढला. काय सांगू! टाकीची शिडी, शिडीचे गज, गजावरचा कावळा, सगळं कोरून काढल्यासारखं. हिला दाखवला. म्हणाली, छान, टाकी आहे. एवढंच! कलेची कदर नाही घरात.

११ ऑक्टोबर

हिचा फोटो काढला. कडं टाकीला लावलेलं तसंच ठेवलं, चाक फिरवून फिरवून अंगठा दुखला. डोळा लावल्यावर लख्ख दिसत होती. फोटोत बघतो तर कणकेच्या गोळ्याला कुंकू लावल्यासारखं काहीतरी. हिच्या खांद्यामागे खिडकीबाहेरची टाकी मात्र कावळ्यासकट स्वच्छ.

कारण स्पष्ट आहे. टाकी हलत नाही. माणसं हलतात. हिला म्हटलं, तू श्वास घेतेस. ती म्हणाली, बंद करू का?

१४ ऑक्टोबर

मुलगी आणि जावई जेवायला. जावयाने कॅमेरा उचलून डोळ्याला लावला, लगेच खाली घेतला आणि म्हणाला, बाबा, यातून सगळं धूसर दिसतंय. तुम्हाला धूसर दिसणारच, म्हटलं, मी माझ्या हाताने ट्यून केलाय. तो म्हणाला, निदान पहिले काही दिवस ऑटोवर ठेवा. ऑटो! हा मुलगा फोनवर फोटो काढतो, फोनवर दाखवतो, फोनवरच पुसतो. याने मला शिकवावं? घास कडू झाला. मुलगी मध्ये पडली, बाबा, तो चांगल्यासाठी सांगतोय. म्हटलं, चांगलं काय ते मला कळतं, भाजी वाढ.

१७ ऑक्टोबर

दुकानात गेलो. भिंग खराब आहे, बदलून दे म्हणून सांगितलं. दुकानदाराने डोळा लावला, तोंड वाकडं केलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर माझं चाक फिरवून टाकलं! इतक्या दिवसांची मेहनत. मग खटका फिरवून कॅमेऱ्याच्या बाजूला केला, काउंटरवरच्या बाईचा फोटो काढला आणि मला दाखवला. तिच्या भुवईचा केस न् केस दिसत होता. म्हणाला, काका, भिंग ठणठणीत आहे.

ही काय परीक्षा झाली? कॅमेऱ्याला करायला लावलं तर तो करणारच. त्यात माणसाने काय केलं? शिवाय ती बाई पगारी. दम धरून उभी राहते.

बाहेर आल्या आल्या खटका माझ्या बाजूला, कडं पुन्हा टाकीच्या जागी, चाक माझ्या डोळ्याला. या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

२३ ऑक्टोबर

रंगीत तालीम. गॅलरीत खुर्च्या मांडल्या, खुर्च्यांवर उशा, उशांवर टोप्या. मागे उभे झाडू. मध्ये हिला बसवलं. ही म्हणाली, अहो, भाजी लागेल खाली. म्हटलं, सिस्टर लोकांना धीर नसतो म्हणून रोगी दगावतात. त्यावर ती उठून आत गेली. मी लगेच माफी मागितली, तिच्या उठून जाण्यात नको तेवढा मुद्दा होता.

उशांचे फोटोही धुरकट. उशा तर श्वास घेत नाहीत. बराच विचार केला. वाऱ्याने टोप्या हलल्या असणार. मागची टाकी उत्तम.

२८ ऑक्टोबर

स्वयंपाकघरात डबी चार्जिंगला लावलेली दिसली. हिला विचारलं. म्हणाली, सहज, पडून पडून बॅटरी बसते. किती मायाळू स्वभाव! निकामी वस्तूवरही जीव. मला भरून आलं. डबीच्या काचेवर फुंकर मारून पुसून ठेवली.

३१ ऑक्टोबर, सकाळ

आज तो दिवस. इस्त्रीचा शर्ट. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, म्हणजे वावर मोकळा राहतो. ही शेवटचा युनिफॉर्म घालून आरशासमोर उभी होती. डोळे लाल. म्हटलं, रडू नकोस, फोटोत नाक सुजलेलं येतं. ती हो म्हणाली आणि पदराऐवजी माझ्या काच पुसायच्या फडक्याने डोळे पुसले. भिंगाला मीठ लागतं, पण आज काही बोललो नाही.

संध्याकाळ

मी खूश आहे. हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात पायऱ्यांवर सगळ्यांना उभं केलं. उंच मागे, बुटके पुढे, आया मध्ये, ही त्यांच्या मधोमध. कडं अंदाजाने, चाक बारकाईने. लोकांनी घाई केली. एक आया म्हणाली, साहेब, दोघींची डिलिव्हरी होईल तोवर. सगळे हसले. मी त्यांना पुन्हा गंभीर केलं. चाक परत लावलं. डॉक्टरीणबाई दोनदा जाऊन पेशंट तपासून आल्या. जावई माझ्या मागे कुठेतरी उगाच रेंगाळत होता, हाकलला.

डोळा लावल्यावर जे दिसलं ते काय सांगू. एकेक चेहरा घासलेल्या भांड्यासारखा. भरपूर फोटो काढले. मागच्या छोट्या पडद्यावर बघत बसलो नाही, ते नवशिक्यांचं काम. हिला म्हटलं, उद्या टीव्हीवर मोठे करून बघ.

१ नोव्हेंबर

टीव्हीवर लावले.

मुलगी होती, जावई होता, ही सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. एक, दुसरा, तिसरा. चेहऱ्यांच्या जागी पांढरे, सावळे ठिपके. जणू कुणी सगळ्यांवर ओला बोळा फिरवला. पार मागे, पायऱ्यांच्या वरच्या लांब व्हरांड्याच्या टोकाला एक पाटी आहे. तिचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. शांतता राखा.

सगळ्यांनी राखली.

शेवटी ही पडद्याजवळ गेली. एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, ही माझी नाइटची आया असेल, नाही का, उंचीवरून वाटतंय. मग आत जाऊन भांडी लावायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं. तोंडात तयार ठेवलेलं सगळं, भिंग, कंपनी, वारा, तसंच राहिलं.

२ नोव्हेंबर

लंगड्या टेबलाखालून पुस्तक काढलं. टेबलाने लगेच मान टाकली. खिडकीशेजारचं चाक कुठे आहे ते चित्रात शोधलं. लिहिलंय, हे चाक चष्मेवाल्यांसाठी. तुमच्या डोळ्याच्या नंबरप्रमाणे खिडकी साफ दिसावी म्हणून एकदाच लावून ठेवायचं. फोटोच्या फोकसशी याचा काही संबंध नाही.

काही संबंध नाही.

म्हणजे महिनाभर मी कॅमेरा नाही, स्वतःचा चष्मा फिरवत होतो. हे त्यांनी बाहेर खोक्यावर लाल अक्षरात लिहायला नको? आगीत टाकू नका हे मात्र पहिल्या पानावर. त्याच पानावरून मला आता मार्ग सुचतोय.

फोटोवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, काका, माणसं गेली, आता भिंतीचा काढू का? फोन ठेवला.

हिच्यासमोर जायची हिंमत झाली नाही. जेवण झाल्यावर सांगितलं सगळं, चाकाचं, रेडिओचं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, अहो, ओट्यावरची माझी पर्स आणा.

पर्समधून डबी निघाली.

६ नोव्हेंबर

फोटो फ्रेम करून समोरच्या भिंतीवर. डबीतला. मी चाकाशी झटत होतो तेव्हा, हाकलल्यावर माझ्या बाजूला लांब उभं राहून जावयाने काढलेला. हिनेच त्याला त्या दिवशी सकाळी डबी दिली होती. म्हणजे २८ तारखेची ती माया वगैरे. असो.

आया, वॉर्डबॉय, डॉक्टरीणबाई, सगळे ओळखू येतात. मधोमध ही. डोळे टक्क उघडे, आणि हसून हसून तोंडही. आजवर हिचा असा फोटो नाही. विचारलं, एवढं काय हसू आलं? म्हणाली, सकाळपासून रडू दाबत होते, आता फुटणार असं वाटलं, तेवढ्यात तुमच्याकडे नजर गेली. एक डोळा मिटलेला, जीभ बाहेर, आणि अंगठ्याने ते चाक. तुम्ही होतात म्हणून निभावलं.

हे कौतुक होतं की नाही, अजून ठरवतोय. तरी उंच मागे, बुटके पुढे ही मांडणी माझीच, हे कुणाला नाकारता येणार नाही.

संध्याकाळी शेजारीण आली. फोटोसमोर उभी राहिली. म्हणाली, किती जिवंत! नवीन कॅमेऱ्यातला का? कुणी काढला? ही पटकन म्हणाली, आमच्या ह्यांनी. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी कबूल करायला हवं होतं. चहाच्या कपात तोंड घालून बसलो. स्वतःचीच किळस आली, आणि तरी बरं वाटत होतं.

शेजारीण चष्मा चढवून आणखी जवळ गेली. म्हणाली, मग इथे कडेला डोळ्याला कॅमेरा लावून जीभ बाहेर काढून कोण उभं आहे?

ही म्हणाली, तेही हेच.