तेलाच्या चिंध्या

प्रिय भिंगरी,

पत्र हातात पडलं की आधी शेवटचं पान उघडायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड. या वेळी तेवढं करू नकोस. पहिल्या ओळीपासून वाच, सावकाश. मला लिहायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे. जन्म गेला खुर्च्या-टेबलांना पॉलिश करण्यात, पेन धरलं ते सहीपुरतं. कालपासून चार कागद फाडून झाले, हा पाचवा.

आधी बातमी. मी सुटले, म्हणजे जामिनावर नव्हे, कायमची. निकाल लागला त्या दिवशी न्यायाधीशांनी इतक्या हळू आवाजात वाचलं की मला काही कळलंच नाही. वकीलबाईंनी माझा दंड घट्ट दाबला तेव्हा वाटलं, संपलं सगळं. मग त्या कानाशी म्हणाल्या, "अहो, रडताय काय, निर्दोष म्हणालेत." मी मागे वळून बाकांकडे पाहिलं. मावशी होती, शेजारच्या शिंपीणबाई होत्या. उजवीकडचं शेवटचं बाक रिकामं होतं. प्रत्येक तारखेला मी तिकडे बघायचे. सव्वादोन वर्षांत एकोणीस तारखा झाल्या.

घर आहे तसंच आहे. तुझी खोली मी आठवड्यातून एकदा झाडते. खिडकीची कडी अजून तशीच ढिली आहे, वारा सुटला की खडखडते आणि मला वाटतं तू उठलीस. वेडेपणाच. तू सहा वर्षांची होतीस आणि मी अठराची, तेव्हा आई गेली. त्या दिवसापासून तुझ्या पावलांचा आवाज ऐकायची कानांना सवय लागलीय, ती अशी थोडीच जाते. कधी कधी दोघींचा चहा टाकते आणि मग दोन्ही कप मीच पिते.

मालकांशी माझं भांडण झालं तो शनिवार तुला आठवतच असेल, तू तिथेच होतीस. पॉलिशच्या खोलीतला पंखा बंद पडून महिना झाला होता, खिडक्या धूळ नको म्हणून खिळे ठोकून बंद केलेल्या. आपल्या पाचजणींचा खोकला थांबत नव्हता. मी खोलीची प्रमुख, मी नाही बोलायचं तर कोणी? पण बोलले ती रीत चुकली. सगळ्यांसमोर म्हणाले, "एक दिवस आग लागेल या खोलीला, मग उघडतील तुमचे डोळे." मालक लालबुंद झाले आणि म्हणाले, घरी जा, सोमवारी बघू. दुपारचे तीन वाजले होते. मी हातातला बोळा टेबलावर टाकला आणि तडक निघाले. मागे वळूनही बघितलं नाही. रागाच्या भरात चष्मा तिथेच विसरले.

रविवारी बाराच्या सुमाराला तो आणायला गेले. पहारेकऱ्याने दार उघडून दिलं. मी दोन मिनिटांत आत जाऊन बाहेर आले. दोन वाजता खोली पेटली आणि तीनपर्यंत अर्धा कारखाना गेला. तयार झालेली साठ कपाटं आणि लाकडाचा सगळा साठा जळून गेला. पहारेकरी आत कोणी अडकलंय का बघायला धावला आणि त्याचे दोन्ही हात भाजले. पोलीस मला पकडायला आले तेव्हा मी धुतलेल्या चादरी वाळत घालत होते. आदल्या दिवशी धमकी दिली, दुसऱ्या दिवशी एकटी आत गेली, दोन तासांत आग. कोणीही हेच म्हणेल. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

तुला पोलिसांनी विचारलं, तुझी बहीण असं बोलली का, आणि तू हो म्हणालीस. सरकारी वकिलांनी तुझा तो जबाब भर कोर्टात वाचला. लोकांना वाटलं, मला ते लागलं असेल. नाही गं. मी बोलले होतेच. तुला खोटं बोलायला मी कधी शिकवलं नाही. तू तिथे खोटं बोलली असतीस, तर मात्र मला लागलं असतं.

बावन्न दिवस आत होते. तिथलं सगळं सांगत बसत नाही. एकच सांगते. माझी नखं आठवतात ना तुला, कायम तपकिरी, कशानेही न जाणारी? तिथे ती हळूहळू वाढत गेली आणि मुळापासून पांढरी दिसायला लागली. मी रोज बघायचे. हात दुसऱ्याच कोणाचे तरी वाटायला लागले. शेजारची कैदीण म्हणायची, किती छान नखं आहेत तुमची. मला रडू यायचं आणि तिला वाटायचं, बाई फारच हळवी आहे.

दर बुधवारी तू भेटायला यायचीस. जाळीपलीकडे तू, अलीकडे मी, आणि बोलायला दहा मिनिटं. त्यातली पाच आपण एकमेकींना काय खाल्लं हेच विचारण्यात घालवायचो. पाचव्या बुधवारी मी तुला म्हटलं की मला आग कशी लागली ते सापडलं. त्याच्या आदल्या दिवशी पडल्या पडल्या मला आमचे उस्ताद आठवले होते. माझ्या कामाचा पहिला दिवस होता. त्यांनी जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही दिसते मरतुकडी, पण हिच्या पोटात आग असते. वापरून झाली की पसरून वाळव, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडव. चुरगळून ढीग करशील तर तेल वाळता वाळता आतल्या आत तापतं आणि काडी न लावता पेट घेतं. मी हे तुला अगदी उत्साहात सांगत होते. वाटलं, तू आनंदाने उडी मारशील. तुझा चेहरा पांढराफटक पडला. तू उठलीस, वेळ संपायला चार मिनिटं बाकी होती. पुढच्या बुधवारी तू आली नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही. जामिनावर सुटून घरी आले तर तुझं कपाट रिकामं होतं आणि टेबलावर दुसऱ्या शहरातल्या मैत्रिणीचा पत्ता होता, नुसता पत्ता.

वकीलबाई आधी हसल्या. चिंधी आपोआप पेटते हे ऐकून न्यायाधीश मला बाहेर काढतील, म्हणाल्या. मी त्यांच्यामागे हात धुऊन लागले. शेवटी त्यांनी अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक साहेब शोधले. त्यांनी तसंच तेल, तशाच सुती चिंध्या आणि पंचनाम्यात आग जिथून सुरू झाली म्हटलं होतं त्या टेबलाखालच्या खोक्यासारखंच पुठ्ठ्याचं खोकं घेऊन दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर प्रयोग केला. संध्याकाळी सहाला चिंध्या खोक्यात भरल्या. तापमापी आत खोचून ठेवली. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत काहीच नाही, सरकारी वकील घड्याळ बघत जांभया देत होते. मग पारा चढायला लागला. तीनला खोकं काडी न लावता पेटलं, पण त्याआधी एकच्या पुढे तो वास आला आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

कारण तो वास मी ओळखत होते. रविवारी चष्मा आणायला गेले तेव्हा तो खोलीत होता. अगदी हलका, करपल्यासारखा. मी चष्मा घेतला आणि निघून आले, कारण डोक्यात मालकांचे शब्द घोळत होते. तेव्हा टेबलाखाली वाकून बघितलं असतं तर पहारेकऱ्याचे हात वाचले असते. हे मी वकीलबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, वास आला म्हणालात तर विचारतील, मग गप्प का राहिलात? मी म्हटलं, विचारू देत. खऱ्याच्या जोरावर सुटायचं तर अर्धं खरं सांगून कसं चालेल? साक्षीला उभी राहिले आणि सांगितलं. पहारेकरी समोरच बसला होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. बाहेर आल्यावर मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "बाई, वास मलाही आला होता. मला वाटलं, कोणाचं तरी दूध करपलं."

मग सरकारी वकिलांनी विचारलं, त्या शनिवारी चिंध्या खोक्यात कोणी भरल्या? मी तीनलाच घरी गेले होते, हे हजेरीच्या वहीत होतं. वकीलबाईंनी मला आधीच बजावलं होतं की या प्रश्नाला नाव घ्या, चौकशी तिकडे वळेल, तुम्ही महिन्याभरात मोकळ्या व्हाल. मी कोर्टात म्हटलं, त्या खोलीची प्रमुख मी. संध्याकाळी चिंध्या बघायचं काम माझं. त्या दिवशी मी ते न करता रागाने निघून गेले. सरकारी वकिलांनी तीनदा विचारलं, मी तीनदा हेच सांगितलं. खटला आणखी आठ महिने चालला. वकीलबाई पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

आता नीट ऐक, भिंगरी. खोलीत नवीन आलेल्या प्रत्येकीला मी पहिल्याच दिवशी चिंध्यांचं सांगितलं. बाकीच्या तिघी कोर्टात तसं म्हणाल्या. तू आलीस त्या दिवशी एक मोठी मागणी निघायची होती. मी तुला ब्रश कसा धरायचा ते दाखवलं आणि कामाला लावलं. मग वाटलं असेल, घरचीच तर आहे, इतकी वर्षं माझ्याकडे बघतेय, हिला काय सांगायचं. परक्यांना शिकवलं आणि तुलाच शिकवायचं राहिलं. त्या संध्याकाळी तू खोली आवरलीस, माझं टेबल पुसलंस, सगळ्या चिंध्या गोळा करून खोक्यात नीट दाबून भरल्यास. ताईला सोमवारी खोली स्वच्छ दिसावी म्हणूनच ना? मी तुला ओळखते.

हे सगळं आज लिहायचं कारण, काल वकीलबाईंनी मला तुझं पत्र वाचायला दिलं. सव्वादोन वर्षांत तुझी पहिली ओळ आली ती त्यांच्या नावाने, माझ्या नाही. तू लिहिलंयस की ताई सुटेपर्यंत तुझी हिंमत झाली नाही, आणि आता सोमवारी तू एकटी ठाण्यावर जाऊन आग तुझ्यामुळे लागली असं लिहून देणार आहेस. पत्राच्या शेवटी विचारलंयस की ताईला हे आधी कळवू की नको. अगं, ताईला तू जाळीपलीकडून उठलीस त्याच बुधवारी कळलं होतं. वकीलबाई म्हणतात, कोणी शिकवलंच नाही ते न कळणं याला कायद्यात गुन्हा म्हणत नाहीत. पण ठाण्यावर सांगितल्याशिवाय तुला चैन पडणार नसेल तर मी अडवणार नाही, ते ओझं काय असतं हे मला कळतं. मावशीचा जावई उद्या तुझ्याकडच्या बाजूला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय, कारण फोन तू उचलत नाहीस. रविवारी सकाळच्या गाडीने मी येते. सोमवारी जायचं असेल तर दोघी जाऊ, मी तुझ्या शेजारी बसेन आणि मला विचारलं तर चिंध्यांचं शिकवायचं राहिलं हेही लिहून देईन. नंतर पहारेकऱ्याला भेटू. नसेल जायचं तर तुला घेऊन परत येईन. दोन्हीपैकी काय करायचं ते तू ठरव, मी काही बोलणार नाही. फक्त एकटी जाऊ नकोस, आणि मी दार वाजवलं की उघड.

वाट बघून थकलेली, पण तुझीच,
ताई