हिरवं कुंकू

तीर्थरूप दादांच्या पायांवर सुभद्रेचा अमरावतीहून माथा. जय गुरुदेव.

तुमची शुगर कशी आहे? वहिनींच्या गुडघ्याची सूज उतरली का? (फोनवर आवाज तर ठणठणीत होता.) फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच कापता येत नाही.

तुमच्या नव्या घराच्या दारावर लावायची आई-बाबांची मातीची पाटी लांबली, हे खरं. पण "सुभद्रे, शंभर वर्सं रंग उडाले नाही पायजे," हे तुम्हीच बजावलं होतं. आमची सीमा (सून असून गुणाची आहे, तिले सांगू नका) पाटीवर चेहरे रंगवते, वर काचेसारखी झिलई चढवते आणि बाराशे अंशांच्या विजेच्या भट्टीत घालते. बाबांची मिशी पहिल्याच खेपेला काळीभोर उतरली. बाबांचं कधी कोणापुढे काही फिकं पडलंच नव्हतं. आईचं कुंकू मात्र जळून गेलं. अहेव गेलेली बाई, आणि कपाळ कोरं! मी भट्टीसमोरच पदर तोंडाला लावला. तुम्ही फोटो पाहून फोन केला, आणि वहिनी मागून बोलल्या, "नणंदबाईनं मुद्दामच पुसलं असन." आमचा फोन स्वस्तातला आहे, पण ऐकू येतं.

मग सीमा लाल रंगाची अन् झिलईची वेगवेगळी मिश्रणं मातीच्या छोट्या चकत्यांवर लावून भाजू लागली. घरात आम्ही त्यांना टिकल्या म्हणतो. एक टिकली सुपारी थुंकल्यासारखी तपकिरी झाली, एकीचा रंग पार ओघळला. भट्टी उघडली की मी विचारायची, "टिकली टिकली का वं?" सीमा म्हणायची, "नाही, आई." (विजेचा खर्च कुठल्या खात्यात लिहावा कळेना, शेवटी देवपूजेत लिहिला.) थोडे दिवस अजून दिले असते तर जमत होतं. पण तुमचा वास्तूचा मुहूर्त! "टिकल्या-बिकल्या पुरे झाल्या, सरळ पाटीवर लावा." लावलं. त्या मिश्रणात तांबं होतं. ते आमच्या भट्टीत लाल न होता हिरवं झालं. लगेच तुमचा फोन: "हिरवं कुंकू पाह्यलं काय कोनी? लोक हासतीन. फोडून टाक पाटी!"

आई शेवटची वर्षं बाबांसोबत माझ्याकडे होती, तेव्हा तुम्ही रंग इतके निरखून पाहत नव्हते. दिवाळीला यायचे, ड्रायव्हरला गाडी चालूच ठेवायला सांगून. आई तुमच्यासाठी राखलेले अनारसे डब्यातून काढेपर्यंत तुम्ही बडनेऱ्याच्या पुढे.

असो. मोठ्या भावाला जास्त बोलू नये, म्हणून थांबते.

तुमची लहान बहीण,
सुभद्रा

ता. क. – लाल अखेर टिकला. दुसऱ्या पाटीवर आईचं कुंकू तुम्हाला हवं तसं लालभडक आलंय. जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली आहे. कुरिअरनं पाठवणार नाही. येऊन न्या.

आणखी एक ता. क. – हिरवी फोडली नाही, फोडणारही नाही. ती माझ्या देवघरात आहे, मागू नका. आईच्या कुंकवाखाली हिरवं गोंदण होतं; तेवढंच, तिथंच. रोज तिचं तोंड धुऊन देताना दिसायचं. तुम्हाला ठाऊक नसेल, तर त्यात तुमची चूक नाही. गाडी चालू होती.