हेल्मेटमधली शांतता

२ फेब्रुवारी, संध्याकाळ

उद्यापासून हेल्मेट. निर्णय झाला. पक्का.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी श्रेय घ्यायला आलं तर पुरावा राहील. खालच्या मजल्यावरचे इंजिनिअर स्कूटरवरून घसरले. डोक्याला पट्टी, डोळ्याखाली जांभळं. जिन्यात भेटले आणि मला भलत्याच नावाने हाक मारली. बायको शेजारी उभी होती. तिने नुसतं माझ्या डोक्याकडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं ती हेल्मेट घ्या म्हणते आणि मी ऐकत नाही, असा तिचा समज आहे. वास्तविक मी योग्य वेळेची वाट पाहत होतो.

मी घरचा कर्ता माणूस. डोकं माझं असलं तरी त्यावर हक्क कुटुंबाचा आहे. हे वाक्य चांगलं जमलं. जेवताना म्हणून दाखवलं. कन्या म्हणाली, बाबा, आधी आणा तर खरं.

३ फेब्रुवारी

नाही आणलं. इतकी महत्त्वाची खरेदी ऑफिसातून येता येता उरकायची नसते.

८ फेब्रुवारी, रविवार

आणलं. दुकानदाराने आधी मीडियम दिलं, ते कानापाशी अडकलं. मग लार्ज, तेही अडकलं. शेवटी माळ्यावरून एक धूळ बसलेला खोका काढला आणि म्हणाला, डोकं मोठं आहे साहेब तुमचं. घरी सांगितलं. बायको म्हणाली, त्याला आज कळलं.

काळं, फुल-फेस. काच खाली ओढली की हनुवटीसकट सगळं बंद. आरशासमोर बराच वेळ उभा राहिलो. रुबाब आहे. कन्येने फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवून हसत बसली. अभिमान व्यक्त करायची या पिढीची पद्धत वेगळी.

९ फेब्रुवारी

वापर सुरू. आज फक्त बरोबर नेलं, गाडीच्या आरशाला अडकवून. नवीन सवय टप्प्याटप्प्याने लावायची असते. डॉक्टरसुद्धा डोस हळूहळू वाढवतात. शिवाय माझे केस. जेवढे उरलेत तेवढे तरी विंचरलेल्या अवस्थेत ऑफिसला पोचावेत, ही अपेक्षा फार नाही.

बायकोने मागून विचारलं, डोकं आरशाला आहे का. दुर्लक्ष केलं.

११ फेब्रुवारी

दुसरा टप्पा. हेल्मेट डाव्या कोपरात. चौकात ट्रॅफिक पोलिसाने हात केला. मी हेल्मेट वर उचलून दाखवलं, म्हणजे माणूस कायदा पाळणारा आहे हे त्याला कळावं. त्याने कोपराला काही लागलंय का असं विचारलं. सरकारी नोकरांनी ड्युटीवर विनोद करू नयेत, असं माझं मत आहे. दंड भरला. मागच्या सीटवर बायको हसत होती. मला तिचं हसणं पाठीवर कळतं.

१२ फेब्रुवारी

घातलं. आणि एक शोध लागला.

पार्श्वभूमी अशी. बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी मी तिला लॅबला सोडतो आणि पुढे ऑफिसला जातो. घरापासून लॅबपर्यंत साधारण अर्धा तास. तो अर्धा तास ती बोलते. घरात कामाच्या गडबडीत वेळ मिळत नाही, म्हणून सगळं साठवून मागच्या सीटवर काढते. गॅस, कन्येचे मार्क, तिच्या भावाचे गुडघे, लॅबमधली नवीन मशीन, आणि अधूनमधून हळू चालवा.

आज काच खाली केली आणि शब्द बंद. शेजारच्या घरात रेडिओ लागावा तशी नुसती गुणगुण. शेवटी आवाज वर गेला की प्रश्न आहे एवढं समजतं. मी मान हलवली. गुणगुण पुढे सुरू झाली. इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं की हेल्मेटचे असेही फायदे असतात. लोक उगाच डोक्याला धरून बसतात.

१३ फेब्रुवारी

आजही घातलं. कुटुंबासाठी काहीही.

१७ फेब्रुवारी

साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, म्हणाले, याला म्हणतात जबाबदार माणूस. मी वॉटर प्युरिफायरच्या कंपनीत तक्रार विभागात आहे. दिवसभर कानाला हेडसेट लावून लोकांचं ऐकून घेणं हा माझा पेशा. हो, समजलं, नोंद घेतली. एवढ्या तीन वाक्यांवर मी इतकी वर्षं काढली आणि माझा आवाज कधी चढला नाही. घरी मात्र या गुणाची कदर नाही.

मान हलवण्याचा अभ्यास चालू आहे. छोटा प्रश्न असेल तर एकदा. लांबलचक असेल तर दोनदा, सावकाश, विचार केल्यासारखं. मान नेहमी उभी हलवायची. आडवी हलवली की कारण विचारतात.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दहाला दार उघडलं तर मेहुणा, त्याची बायको, दोन मुलं आणि दोन बॅगा. मी म्हटलं, अरे वा, अचानक? सगळे माझ्याकडे बघायला लागले. बुधवारी मीच हो म्हणालो होतो म्हणे. आणि भांडी मी घासणार, हेही कबूल केलं होतं. बायको म्हणाली, दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मान हलवलीत, मला खरंच वाटेना.

घासली. मेहुणा ओट्याशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, दाजी, तुम्ही फार बदललात. बहिणीकडे असं पाहिलं की जणू तिला लॉटरी लागली.

२३ फेब्रुवारी

संकल्प: रोज संध्याकाळी चहाच्या वेळी बायकोला विचारायचं, सकाळी गाडीवर काय म्हणत होतीस?

संध्याकाळी. नाही विचारलं. विचार केला, विचारलं तर गाडीवर मला ऐकू येत नाही हे उघड होईल. मग ती म्हणेल काच वर ठेवा. काच वर ठेवली की धूळ, किडे, डोळ्यांत कचरा, अपघात. कुटुंबाच्या सुरक्षेशी तडजोड करणार नाही.

२ मार्च

घरातलं वातावरण उत्तम. वाद नाही. मागच्या महिन्यात या सुमाराला आम्ही गॅलरीच्या रंगावरून अबोला धरला होता. रंग ठरला वाटतं. मीच ठरवला असणार.

५ मार्च

काही दिवस मागे एकच लांब विषय चालू आहे. विषय एकच आहे हे सुरावरून ओळखतो, कामाचा अनुभव. आवाज नेहमीपेक्षा बारीक. मध्ये बराच वेळ थांबते, मग पुन्हा सुरू. आज आवाज एकदा वर गेला, मी मान हलवली. थोड्या वेळाने परत वर गेला, परत हलवली.

लॅबच्या गेटशी उतरल्यावर ती लगेच आत गेली नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली. मग हँडलवरच्या माझ्या हातावर हात ठेवला, काहीतरी विचारलं. मी मोठी मान हलवली, दोनदा. तिने हात काढला आणि गेली. मला उशीर होत होता.

१० मार्च

एका ग्राहक बाईंनी फोनवर वाद घातला. म्हणे तुमचं हो हो फार झालं, मी काय सांगितलं ते आता परत सांगा पाहू. लोकांचा विश्वासच उडालाय. त्यांना म्हटलं, नोंद घेतली.

१२ मार्च

बायको हल्ली सहाच्या आधी उठते. लॅबमधली एक मैत्रीण खाली येते, दोघी मैदानावर जातात. फिरायला असणार. तासाभराने घामाघूम होऊन परत येते, एकदा ढोपर खरचटलेलं होतं. मी काही विचारलं नाही, उत्साहावर पाणी पडायला नको. पण कुठून सुरुवात झाली हे उघड आहे. मी हेल्मेट घातलं आणि घरात तब्येतीविषयी जागरूकता आली.

१८ मार्च

आज पूर्ण रस्ताभर शांतता. गुणगुणसुद्धा नाही. आधी वाटलं, मागे पडली की काय. सिग्नलला हात मागे नेऊन पाहिला. होती.

प्रगती आहे.

१९ मार्च

आजही शांत.

२३ मार्च

शांत. पूर्वी उतरताना संध्याकाळी येताना काय आणायचं ते तरी कानाशी ओरडून सांगायची. आज न सांगता गेली. संध्याकाळी मी अंदाजाने कोथिंबीर आणली. घरात दोन जुड्या आधीच होत्या.

२९ मार्च, रविवार

खाली स्कूटर उभी आहे. राखाडी. नवी कोरी. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. मी वॉचमनला म्हटलं, आपल्या जागेत कोणी लावली ही? तो म्हणाला, वहिनींची आहे.

वर जाऊन जाब विचारला. आवाज थोडा चढला असेल. बायको चिडली नाही, तेच मला आवडलं नाही. कपड्यांच्या घड्या घालत शांतपणे सांगत होती. तिची बदली झाली आहे, बढती देऊन. लॅबची नवी शाखा, शहराच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या ऑफिसच्या अगदी उलट. एक तारखेपासून. मैदानावर ती फिरायला नाही, स्कूटर शिकायला जात होती. लायसन्ससुद्धा झालं. कन्येला सगळं माहीत होतं. मेहुण्याला माहीत होतं. वॉचमनला तर रंगसुद्धा आधी माहीत होता.

मी म्हटलं, मला सांगितलं कोणी? ती म्हणाली, तुम्हालाच सगळ्यात आधी सांगितलं. मला फार भीती वाटते, नवीन जागा, नवीन माणसं, नाही म्हणून टाकू का, असं विचारलं. तुम्ही मान हलवलीत. मग थोड्या वेळाने म्हटलं, की जाऊच, अशी संधी परत यायची नाही? तेव्हाही हलवलीत. गेटवर परत विचारलं, दोन्हीतलं नक्की काय? तर दोनदा हलवलीत.

मग म्हणाली, तेव्हा कळलं की हे माझं मलाच ठरवायचं आहे.

कन्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती आत निघून गेली. मी म्हटलं, बढतीबद्दल अभिनंदन. बायको थँक्यू म्हणाली. लॅबमध्ये पेशंटला म्हणते तसं.

१ एप्रिल

ती माझ्या आधी निघाली. तिनेही हेल्मेट घेतलंय, पांढरं, नीट बसणारं. मी गॅलरीतून हात केला. क्लच फार लवकर सोडते असं ओरडणार होतो. स्कूटरला क्लच नसतो हे वेळेवर आठवलं.

मी निघालो आणि सवयीने जुन्या लॅबच्या गेटशी जाऊन थांबलो. पाय टेकून उभा राहिलो. कोणी उतरलं नाही.

गाडी आता हलकी चालते. मायलेज वाढेल.

६ एप्रिल

आज हेल्मेट घरीच ठेवलं. मी ते कुटुंबासाठी घालत होतो, आणि मागे कुटुंबच नसेल तर मुद्दा राहत नाही. शिवाय उकाडा.

इतक्या दिवसांनी रस्ता ऐकला. हॉर्न, ब्रेक, शेजारच्या रिक्षातलं भांडण, एका शाळेच्या बसमधली अख्खी गाणी. सगळं स्पष्ट. फक्त मागून काही नाही.

कन्येने गॅलरीतून पाहिलं होतं. संध्याकाळी आईला सांगितलं. बायको ताटं मांडत होती, म्हणाली, हं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, उकाड्याचं. लागलंच नाही. पूर्वी ती या विषयावर अख्खा रविवार काढायची.

७ एप्रिल

हेल्मेट घातलं. कोणी काही म्हणालं म्हणून नाही.

१३ एप्रिल

मोटरसायकल गॅरेजमध्ये. मेकॅनिक उद्या देतो म्हणाला, म्हणजे शुक्रवार. बायको म्हणाली, चला, मी सोडते, थोडी वाट वाकडी होईल. मी रिक्षाने जातो म्हणणार होतो, पण तिने स्कूटर सुरू केलीही होती.

मागच्या सीटवर पहिल्यांदाच बसलो. मागे बसणाऱ्याला धरायला काही नसतं, याची मला कल्पना नव्हती. समोरचं काही दिसत नाही, फक्त एक पांढरं हेल्मेट. खड्डा आला की आल्यावरच कळतं. मी म्हटलं, हळू. मग म्हटलं, डावीकडून बस येतेय. मग म्हटलं, ब्रेक. ती आपल्या वेगाने, व्यवस्थित चालवत होती. तिला एक अक्षर ऐकू जात नव्हतं.

ऐकू जात नाही म्हटल्यावर आणखी थोडं बोललो. सकाळी घर लवकर रिकामं होतं, ते बरं वाटत नाही. नव्या शाखेतली माणसं कशी आहेत, कोणी त्रास देतं का. गेटवर त्या दिवशी मला उशीर बिशीर काही होत नव्हता. आणि भीती वाटते, आता ती रोज इतक्या लांब एकटी जाते तर भीती वाटते. असंच काहीबाही. मागे बसलं की माणूस बोलतच राहतो, दुसरं करण्यासारखं काही नसतं.

तिने इंडिकेटर दिला, स्कूटर एका बंद दुकानासमोर बाजूला घेतली आणि बंद केली. मला वाटलं पंक्चर. तिने हेल्मेटचा पट्टा सोडला, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं, केस मागे केले आणि वळून विचारलं, काय म्हणत होतात?

मागून गाड्या जात होत्या. तिलाही कामावर पोचायचं होतं. तरी थांबून होती.

मी म्हटलं, काही नाही, आरसा जरा बाहेर फिरव म्हणत होतो. तिने फिरवला, हेल्मेट घातलं, निघाली.

एवढ्यासाठी भर गर्दीत गाडी थांबवायची गरज नव्हती. नवशिकी आहे अजून. महिनाभरात हात बसेल, मग असं थांबून विचारणार नाही.

उद्याही तीच सोडणार आहे. काय ते उद्याच बोलून घेतलं पाहिजे.