घरचा माणूस

सांगली, ८ फेब्रुवारी १९७४
पेठेत ट्यूबलाइटी लागल्या. सिमेंटचा रस्ता, दोन्हीकडे नवे गाळे. जिथं सहानंतर कुत्रं फिरत नव्हतं तिथं आज संध्याकाळी बायकापोरं भजी खात हिंडतायत. उजेड आमच्या ओट्यापर्यंत येतो. काज करायला दिवा लागला नाही. आता मागच्या जुन्या घरांचे ओटे रुंदीकरणात जाणार. ओट्यावर भाड्यानं धंदा करणाऱ्याला नव्या बाजारात गाळा, भाडेकरू नसेल तर घरमालकाला. म्हणजे मला. धान्यवाल्या आप्पांच्या घराच्या ओट्यावर शिलाई मशीन मांडून वीस वर्षं झाली. हिला सांगितलं, पाटी मी स्वतः रंगवणार.

१५ फेब्रु.
मोजणीवाले आले. गेरूची रेघ माझ्या मशीनच्या पायाखालून गेली. रेघ वाकडी.

२१ फेब्रु., गुरुवार
नगरपालिकेचे साहेब पंचनाम्याला. आप्पांना विचारलं, हा शिंपी तुमचा भाडेकरू का? आप्पा उखडलेच. "भाडेकरू? काय बोलताय सायेब! आमच्या घरचा माणूस हाय. ह्येच्या हातची बंडी घातल्याबिगर आमची दिवाळी न्हाई." आळी ऐकत होती. ऊर भरून आला. साहेब माझ्याकडे वळले, भाडं किती देता? म्हटलं, या घरात भाड्याची भाषा नाही. दिवाळीला सगळ्या घराचे कपडे मी शिवतो, शिलाई घेत नाही. बस्स. सूनबाईंनी चहा दिला.
जेवताना हिला सांगितलं. भाकरी थापायची थांबली. "आवं, मग गाळा कुणाला मिळायचा?"
तोपर्यंत माझ्या डोक्यात हे...

४ मार्च
गाळे मिळालेल्यांची यादी वाचली. आमच्या ओट्याचा गाळा आप्पांच्या नावावर. साहेबांना गाठलं. म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत की चारचौघांत." खरं आहे. फसवलं असतं कुणी तर भांडलो असतो. कुणीच फसवलं नाही.

९ मार्च
आप्पा ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ कापडाच्या चिंध्या चाचपत होते. मग म्हणाले, "वसंता, जाऊन सांगू काय रं, ह्यो भाडेकरू हुता म्हणून? तू म्हण फकस्त." धान्याच्या व्यापारात जन्म गेला, तराजूला कधी बोट लावलं नाही या माणसानं. आणि मी तरी काय म्हणणार, मी परका होतो म्हणून?
"नको आप्पा."
घरी सांगितलं. हिनं ताट पुढं सरकवलं आणि चूल विझवली.

२ एप्रिल
ओटा फोडला. दगड चिवट, सकाळभर पहारी वाजत होत्या. मशीन खोलीवर आणलं. बोळातली खोली, गिऱ्हाईक वाट विचारत विचारत कशाला येतंय?

१९ मे, रविवार
गाळा उघडला. आप्पांचा मुलगा भूपाल बसतो. तयार कपडे. बुशशर्ट, बेलबॉटम, ढिगानं. एका शर्टाची कॉलर उलटून पाहिली. आत नुसतं खळ लावलेलं कापड, पहिल्या धुण्यात बसेल. भूपाल फार मायेनं म्हणाला, "मामा, तुमी या की आमच्यात. प्यांटी आखूड करायला माणूस लागतोयच." गुरू नाही, शाळा नाही, कोरेगावात एका सुभेदाराचा फाटका कोट उसवून कटिंग शिकलो. ते दुसऱ्यांनी शिवलेल्या पँटींचे पाय दुमडायला?
"बघू," म्हणालो.

जून, तारीख लिहीत नाही
मेव्हणा म्हणतो साताऱ्याला या, जवानांचे गणवेश मिळतील. या वयात कुणाच्या ओट्यावर जाऊन बसू? तिथं माझा हात कुणाला ठाऊक आहे.

११ ऑगस्ट
दोन दिवस मशीनला तेलसुद्धा घातलं नाही. पेठ रोज संध्याकाळी उजळते. उजेड खोलीच्या भिंतीवर येतो. काजाला पुरत नाही.

२८ ऑक्टो.
आप्पांनी दिवाळीचं बंडीचं कापड पाठवलं, दरवर्षीसारखं. घडीत सुपारी. निरोप नाही. ही म्हणाली, "परत धाडा." भांडी घासून आली आणि पुन्हा, "न्हाईतर शिवा. पर असं म्होरं घिऊन बसू नगा."
कशाची म्हणून शिवू? ओट्याच्या भाड्याची, तर ओटा नाही. घरच्याची...
कात्रीला धार लावली. ठेवली. जुन्या मापावर कापता येणार नाही. परवा लांबून पाहिलं, आप्पा फार वाळलेत, खांदे उतरलेत. नवं माप घ्यायला त्यांच्या घरी जावं लागेल.
ओटा होता तिथं आता दारात चढायला फळी टाकलीय म्हणे.