पहिल्या थरातला कपाचा कान

विट्याजवळचा मुक्काम, येरळाकाठ
२१ फेब्रुवारी २०२४

प्रिय बनुबाई,

नमस्कार. मलकापूरला लेकीकडे जीव रमला का? गुडघा कसा आहे? पत्र सोनियाच वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. सोनिया, आजीला सावकाश वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

इथलं खोदकाम संपलं. तुम्ही जिला ‘आवा’ म्हणायचात ती भट्टी काल वाळू टाकून बुजवली. तळाच्या राखेत शेवटी एक अख्खं मडकं निघालं. तुम्ही असतात तर बोटानं टिचकी मारून म्हणाला असतात, ‘कच्चं ऱ्हायलंय.’ आम्हाला ते कळायला प्रयोगशाळा लागते.

खापऱ्या धुवायला आता कुणी नाही. तुमची पाटी, तुमचा जुना टूथब्रश मी उचलून ठेवला आहे. दुपारी तुम्ही मला भाकरीचा पापुद्रा काढून द्यायचात, तो आठवतो. माझी आई गेल्यापासून तसं कुणी दिलं नव्हतं.

हे सगळं लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

डिसेंबरातला तो मंगळवार तुम्हाला आठवत असेल. दोन गोणपाटांवर खापऱ्या वाळत होत्या. एकावर पहिल्या, म्हणजे अगदी वरच्या थराच्या, दुसऱ्यावर सहाव्या, म्हणजे भट्टीच्या तळाच्या. ज्याच्या त्याच्या चिठ्ठीवर दगड. चिठ्ठ्यांची शाई ओलीनं फुटली होती, म्हणून मी दोन्ही एकदम उचलल्या, नव्यानं लिहायला. तुम्ही म्हणालात, “आवं बाई, एकएक न्या की.” मी हसले. “बनुबाई, लिहिण्यातलं तरी आम्हाला नका शिकवू,” असं म्हणाले.

परत ठेवताना त्या अदलाबदल झाल्या. माझ्या हातून. डाव्या डोळ्याला धुरकट दिसत होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर नोंदींच्या कामावरून काढून मला घरी बसवलं असतं.

महिन्यानं खोदकामाचा अहवाल लिहायला शिवांजलीमॅडमनी भट्टीच्या तळाची म्हणून पिशवी उघडली, तर आत चिनी मातीच्या कपाचा कान. खोदणाऱ्या गड्यांतला मल्हार म्हणाला, “दोन हजार वर्सांमागंबी च्या पीत हुते म्हणायचं!” सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या आठवड्याच्या सगळ्याच पिशव्या बाद झाल्या.

खापऱ्या वाळवायचं काम तुमचं, म्हणून बोट तुमच्याकडेच वळलं. तुम्ही एवढंच म्हणालात, “म्या चिठ्ठीला हात लावत न्हाई. मला वाचाया येतंय व्हय?”

“म्हणूनच घोटाळा झाला,” मॅडम म्हणाल्या.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पेनाचं टोपण शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या मडकी घडवणाऱ्या घरातली बाई खापरीखापरीतला फरक ओळखत नाही, असं गावात बोललं जातं. तुम्ही गाव का सोडलंत, हे मला कुणी सांगायला नको.

पाचगणीला कॉन्व्हेंटमध्ये होते तेव्हा दिवसातून दहादा ‘सॉरी’ म्हणायचे. धक्का लागला, सॉरी. उशीर झाला, सॉरी. त्यामुळे की काय, खरी वेळ आली तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही.

आज सकाळी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मावशी, अहवाल गेला. त्यात ‘मजुराची चूक’ एवढंच आहे, नाव नाही. आता कशाला?”

नाव नाही, पण गावाला ते पाठ आहे. म्हणून सामान बांधणाऱ्या गड्यांसमोर पुन्हा सांगितलं. मल्हारनं खाली बघत दोर आवळला. “म्हातारीनं गाव सोडल्यावर सांगताय व्हय?” म्हणाला.

रविवारी मलकापूरला येते. तुम्हाला तोंड बघायचं नसेल तर सोनियानं दारातूनच तसं सांगावं. मी परत फिरेन, वाईट वाटून घेणार नाही. तो हक्क माझा नाही.

सोनिया, खाली माझं नाव आहे. तेही मोठ्यानं वाच. घरात आणखी कुणी असेल तर त्यांनाही ऐकू दे.

चूक जिच्या हातची, ती
शैलजा घोरपडे