मामंजींची मोटार विकण्याबाबत

चि. भाऊजींस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

देवाच्या दयेने आम्ही दोघं हिंडते-फिरते आहोत, मोटार नाही. तुमचा खोकला कसा आहे? जाऊबाईंना सांगा, औषध आणण्याआधी गरम पाणी पाजा, ते घरातच असतं.

पत्रास कारण, मामंजींची मोटार विकायचं तुमच्या दादांनी ठरवलं आहे. कागदावर दोघा भावांची नावं, तेव्हा तुमची सही हवी. गिऱ्हाईक महिनाअखेरीस येणार. तुम्ही हळवे (हा त्यांचा शब्द, माझा नाही), म्हणून मोटारीचे गुण मी सविस्तर कळवावेत, असा हुकूम झाला आहे.

तर ऐका. माझ्या वहीत नोंद आहे: वर्षात अकरा वेळा किल्ली फिरवली, चार वेळा सुरू झाली. आधी कण्हते, मग खोकते (तुमची आठवण येते), मग गप्प. यांनी बॅटरी बदलली, प्लग बदलले, चोक एवढा ओढला की अंगणभर पेट्रोलचा वास. मी मागच्या सीटवर जपमाळ घेऊन बसते (त्यांना एकटं वाटू नये म्हणून). माळ पुरी होईतो यांचा धीर टिकतो, बॅटरी मात्र अर्ध्यातच बसते. मिस्त्री सांगून गेले, "काका, गाडीत काही दोष नाही. उभी राहिली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, ते टाकीतून परत येईपर्यंत बॅटरीचा जीव जातो. दोन दिवसाआड एक फेरी मारत जा." यावर हे म्हणाले, "वडिलांची वस्तू आहे, झिजवायची नाही." म्हणजे झिजू नये म्हणून चालवायची नाही, आणि चालत नाही म्हणून विकायची. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत, हे गणित मला सुटलेलं नाही.

कळस मागच्या महिन्यात झाला. समोरचे मास्तर, त्यांचे जावई आणि शिंपीकाका यांनी मोटार ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली. मास्तरांच्या वहाणेचा अंगठा तुटला, इंजिनाने हूं की चूं केलं नाही. मिस्त्र्यांनी येऊन झाकण उघडलं नि विचारलं, "काका, यातला रोटर कुठंय? त्याशिवाय ठिणगी कशी पडणार?" तेव्हा यांना आठवलं, चोरांनी गाडी पळवू नये म्हणून तो त्यांनीच काढून ठेवला होता. कुठे? तर घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी, माझ्या देवांच्या फळीवर. अहो, त्या काळ्या वस्तूला मी चार दिवस फूल वाहत होते! वाटलं, कुण्या साधुपुरुषाने दिली असेल. यांना जन्मात पहिल्यांदा भक्ती सुचली, उगाच विचारून मोडता कशाला घाला. (आम्हाला चालू करता येत नाही ती चोराला कशी येणार, हेही विचारलं नाही.)

तेव्हापासून हे बाहेर आले की गल्लीतल्या खिडक्या लागतात. मोटारीवर कव्हर पडलंय, हे तिकडे बघतही नाहीत. मीही दमले, भाऊजी. सही करून कागद पाठवून द्या.

तुमची,
थोरली वहिनी

ता. क. वरचं पत्र यांनी वाचलं, "ठीक आहे" म्हणाले आणि रोजच्यासारखे अकरा ते एक वाचनालयात गेले. पुढचं त्यानंतर लिहिलेलं आहे.

ता. क. २. सही करू नका. मी शिकाऊ परवाना काढला आहे. गेले तीन आठवडे अकरा वाजता कव्हर निघतं, मिस्त्री शेजारी बसतात, आणि एकच्या आत कव्हर परत चढतं. आज पहिल्या किल्लीला सुरू झाली. पन्नाशी उलटल्यावर कुठे वळायचं हे पहिल्यांदाच मी ठरवतेय, भाऊजी. एवढ्यात काढून घेऊ नका. यांना दोनच ओळी लिहा, "वडिलांची आठवण आहे, मन होत नाही." हळवे आहातच.

ता. क. ३. आज आत घेताना फाटकाला डावं दार जरा घासलं. येत्या रविवारी येऊन ते तुम्ही यांच्यादेखत घासून जावं, ही विनंती.